आपले गाणे, आपला फोटो, आपला सिनेमा

"पोरं दिवसरात्र त्या मोबाईलमध्येच डोकं घालून बसतात." शिरूरपासून दौंडपर्यंत कोणत्याही वस्तीत जा, आईच्या तोंडी ही तक्रार हमखास ऐकू येते. रांजणगावच्या कंपनीतून दुसरी पाळी करून आलेला मुलगा एका हाताने भाकरी मोडतो आणि दुसऱ्या हाताने मोबाईल सरकवतो. कुरकुंभला कामाला जाणारे वडील एस.टी.ची वाट बघत तेच करतात. बारावीची मुलगी अभ्यासाच्या नावाखाली तेच करते. तक्रार खरी आहे. त्या काचेवर दिसणाऱ्या दहा गोष्टींपैकी नऊ गोष्टी आपल्या कामाच्या नसतात, हेही खरे आहे.

पण वाचकहो, दहावीचे काय? त्याच मोबाईलमध्ये आपल्याच माणसांनी, कोणा कंपनीच्या दारात न जाता केलेली गाणी आहेत. आपल्या कष्टाचे फोटो आहेत. पंधरा-वीस मिनिटांचे असे छोटे सिनेमे आहेत, की ते बघून घरातले सगळे काही वेळ गप्प बसावेत. ही दहावी गोष्ट आपोआप समोर येत नाही. जाहिरातीला पैसे असलेला माणूस आधी दिसतो, बाकीचे शोधावे लागतात. शोधायचे कुठे, बघायचे कसे आणि जपायचे कसे, एवढ्यापुरतेच आज आम्ही लिहीत आहोत.

स्वतंत्र कलाकार म्हणजे कोण?

ज्याच्या मागे मोठी कंपनी नाही, पैसा घालणारा शेठ नाही, आणि म्हणूनच काय गावे आणि काय दाखवावे हे सांगणाराही कोणी नाही, तो स्वतंत्र कलाकार. हल्ली हा शब्द शहरातल्या मुलांच्या तोंडी फार असतो. आपल्या समाजाला मात्र ही गोष्ट नवी नाही. भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती नाशिककडून जलसा घेऊन गावोगाव फिरले, तेव्हा त्यांना कोणी पैसा पुरवला होता? दिवसा मजुरी करायची, रात्री ढोलकी घ्यायची आणि गावकुसाबाहेरच्या माणसांना माणुसकीचा हक्क गाण्यातून सांगायचा. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण जुने कार्यकर्ते आजही सांगतात. ज्या माणसाला अक्षर वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, गाणे पोहोचत होते.

तेव्हा पोराच्या हातातला मोबाईल हा जलशाचाच नवा फड होऊ शकतो. त्या फडावर कोणाला उभे करायचे, हे मात्र आपल्याला ठरवावे लागेल.

दौंडवरून जाणारी गाडी

दौंडकरांना सोलापूरची गाडी नवी नाही. दौंड सोडले की भिगवण येते, पुढे जेऊर, मग केम. ही स्टेशने आपण झोपेतही ओळखतो. पण याच रुळावरच्या जेऊर गावच्या एका वडार समाजातल्या मुलाने मराठी सिनेमाचा तोंडवळा बदलला, हे आपण आपल्या पोरांना सांगितले आहे का? नागराज मंजुळे यांचे ते गाव. पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ते संज्ञापन अभ्यासक्रमाला गेले. त्या शिक्षणाच्या निमित्ताने त्यांनी २००९ च्या सुमारास एक छोटा सिनेमा केला, 'पिस्तुल्या'. पारधी समाजातला एक लहान मुलगा. घरात दारिद्र्य, कपाळावर चोराचा शिक्का, आणि मनात एकच ओढ, शाळेत जाण्याची. एवढीच गोष्ट. ती सांगायला जेमतेम पाव तास लागतो. त्या पाव तासाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढे 'फँड्री' आला, 'सैराट' आला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'फँड्री'तला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, केम गावचा. गावात हलगी वाजवणारा मुलगा. 'पिस्तुल्या'त काम केलेला सूरज पवार पुढे 'फँड्री'त आणि 'सैराट'मध्येही दिसला. यांपैकी कोणीही मुंबईच्या अभिनयशाळेतून आलेला नव्हता. आपल्यासारख्याच घरांतली ही मुले आहेत.

छोटा सिनेमा बघताना एक सवय लावून घ्यावी. संपला की लगेच पुढचे बटण दाबू नये. पाच मिनिटे थांबावे आणि घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा, "तुझ्या डोळ्यांसमोर कोणतं चित्र राहिलं?" 'फँड्री' मोठा सिनेमा आहे, पण उदाहरणासाठी घेऊ. जब्याचे कुटुंब पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेत असते आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे, शाहू महाराजांचे चित्र असते. कोणी काही बोलत नाही. भाषण नाही, घोषणा नाही. मोठ्या माणसांची चित्रे भिंतीवर आहेत आणि त्यांच्याच समोरून हे चालले आहे, एवढेच दिसते. लहान पोरगा हे चित्र सांगेल, आजी वेगळेच चित्र सांगेल. या पाच मिनिटांत घरात जे बोलणे होते ते महिनाभराच्या मालिकांतून होत नाही.

मंजुळे यांनी मोठे नाव मिळाल्यानंतरही छोटा सिनेमा सोडला नाही. 'पावसाचा निबंध' हा त्यांचा असाच छोटा सिनेमा. शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगितला आहे, आणि ज्या मुलाला तो लिहायचा आहे त्याच्या घरातच पाऊस शिरतो आहे. वडील दारूत. त्याच्या दिग्दर्शनालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पत्र्याच्या घरात पावसाळा काढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. शाळेतल्या पुस्तकातला पाऊस आणि आपल्या छपरातला पाऊस यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्यानेच असा सिनेमा करावा.

वामनदादांचे अक्षर, आजीचे जाते

आता गाण्याकडे वळू. वामनदादा कर्डक हे नाव आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत त्यांचा जन्म झाला आणि १५ मे २००४ रोजी ते गेले. पण मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी. वामनदादांना मोठे होईपर्यंत अक्षर येत नव्हते. मुंबईत मजुरी करत असताना कोणी एकाने त्यांच्याकडे पत्र वाचायला दिले आणि ते वाचता येईना. ती गोष्ट त्यांना इतकी लागली की ते मोठेपणी अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पुढे गेले. १९४३ साली पहिले गीत लिहिले. नंतर हजारो. ज्या माणसाला पत्र वाचता आले नाही त्याची गाणी आज लोक पुस्तके काढून अभ्यासतात.

कॅसेटचा काळ आला तेव्हा या गाण्यांना पाय फुटले. रेडिओवर जे गाणे लागत नव्हते ते टेपरेकॉर्डरवर लागू लागले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ट्रकमध्ये, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात घुमला. कॅसेट स्वस्त होती, ती काढायला लागणारे भांडवल थोडे होते, आणि ऐकणारा समाज मोठा होता. म्हणून छोट्या छोट्या गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, पेनड्राईव्ह आला. आता तोही मागे पडतो आहे.

मोबाईलने काय केले त्याचे सगळ्यात चांगले उदाहरण म्हणजे कडूबाई खरात. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, तिथल्या या बाई. नवरा लवकर गेला, पदरी मुले, हातात एकतारी. दारोदार गाणी म्हणून त्यांनी संसार ओढला. कोणीतरी त्यांचे गाणे साध्या मोबाईलवर टिपले आणि पुढे पाठवले. बघता बघता ते महाराष्ट्रभर पोहोचले. ना स्टुडिओ, ना वादकांचा ताफा. एक तार आणि एक खणखणीत आवाज. त्या आवाजात जे होते ते कोणत्याही यंत्राने घालता येत नाही.

आणि भगिनींनो, सगळ्यात मोठा खजिना तर आपल्याच घरात आहे. पिठाची गिरणी येण्याआधी पहाटे जात्यावर बसून आपल्या आज्यांनी ओव्या म्हटल्या. स्वतंत्र संगीत यापेक्षा वेगळे काय असते? ऐकायला कोणी नाही, टाळ्या वाजवायला कोणी नाही, म्हणून जे मनात आहे ते सगळे त्यात आले. सासुरवास आला, भावाची माया आली, दुष्काळ आला. आणि बाबासाहेबही आले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून ह्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० च्या दशकात त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. आता 'पारी' नावाच्या, पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या संग्रहात त्या कोणालाही फुकट ऐकता येतात. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या आहेत. आणि शिरूरकरांनो, आपल्या तालुक्यातल्या सविंदणे गावच्या ओव्याही त्यात आहेत. आपल्या शेजारच्या गावचा आवाज जगभर ऐकला जातो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो, ही गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी आहे.

ज्या घरात सत्तर-ऐंशी वर्षांच्या आजी आहेत, त्या घराने उशीर करू नये. पंखा बंद करावा, टीव्ही बंद करावा, मोबाईल उशाशी ठेवावा आणि आजीला म्हणायला सांगावे. "मला काय येतंय" असे ती म्हणेल. तिला घाई करू नये. निवडण्याचे सूप तिच्या हातात द्यावे, हात चालू लागले की गळा आपोआप चालतो. ओवी झाली की विचारावे, ही कोणाकडून शिकलीस, माहेर कोणते, तेव्हा वय काय होते. तेही त्याच ध्वनिमुद्रणात येऊ द्यावे. आजीबरोबर जे जाते ते पुन्हा कोणत्याही दुकानात मिळत नाही.

फोटो कोणी काढला?

आपल्या प्रत्येक घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. पण तो फोटो कोणी काढला असेल, असा विचार आपण कधी करतो का? कॅमेऱ्यामागचा माणूस आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण त्याला विसरतो.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आले. त्या दिवशीचा, स्तंभाजवळ कार्यकर्त्यांसह असलेला त्यांचा फोटो आज घराघरांत आहे. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात, स्तंभाची जागा नदीअलीकडे पेरणे हद्दीत, हवेली तालुक्यात. दर वर्षी आपण तिथे जातो. पण त्या दिवशी कोणी कॅमेरा आणलाच नसता, तर? आज आपल्याकडे केवळ शब्द उरले असते.

दुसरी गोष्ट नामदेवराव व्हटकरांची. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला मुंबईत जी अंत्ययात्रा निघाली, तिचे चित्रीकरण व्हावे असे या माणसाला वाटले. पैसा उभा करायला वेळ नव्हता, मदतीला कोणी येईना. त्यांनी आपला छापखाना गहाण टाकला आणि कॅमेरा उभा केला. लाखोंच्या गर्दीचे, रडणाऱ्या माणसांचे ते हलते चित्र आज आपण ६ डिसेंबरला डोळे भरून बघतो. त्यांनी त्या दिवशी हिशेब केला असता तर छापखाना वाचला असता आणि इतिहास गेला असता. आपल्या समाजाचा पहिला छोटा सिनेमा कोणता असे कोणी विचारले, तर आम्ही तरी याच चित्रीकरणाकडे बोट दाखवू.

तिसरे नाव सुधारक ओलवे यांचे. जन्म अकोल्याचा, १९६६ चा. मुंबईच्या वर्तमानपत्रांत फोटो काढण्याची नोकरी करता करता त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांकडे कॅमेरा वळवला. गटारात उतरणारी माणसे, कचऱ्याच्या डोंगरावर उभी माणसे, आणि कामानंतर आपल्या खोलीत बायको-मुलांसोबत बसलेली तीच माणसे. काळ्या-पांढऱ्या रंगातले हे फोटो बघितल्यावर शहर स्वच्छ कसे राहते हे कळते आणि त्याची किंमत कोण मोजते तेही कळते. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण पुरस्कारापेक्षा आम्हाला त्यांच्या फोटोतला एक गुण मोठा वाटतो. त्या फोटोतला कामगार दयेची भीक मागत नाही. तो सरळ डोळ्यांत बघतो.

हा फरक मुलांना दाखवण्यासारखा आहे. वर्तमानपत्रात गरिबाचा फोटो येतो तेव्हा बहुतेक वेळा तो रडताना, हात पसरताना किंवा मोर्चात दगड उचलताना येतो. आपल्या घरातला माणूस मात्र हसतो, अभ्यास करतो, सायकल दुरुस्त करतो, लेकीच्या वेण्या घालतो. ते फोटो कोण काढणार? दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाफेच्या इंजिनाच्या काळात काम केलेली माणसे आता हातावर मोजण्याइतकी उरली आहेत. घोडनदीच्या काठावर वीटभट्टीवर आणि ऊसतोडीवर राबलेल्या बायकांचे हात अजून आपल्यासमोर आहेत. त्यांचे फोटो काढायला मुंबईहून कोणी येण्याची वाट बघू नये.

अशाच एका जुन्या रेल्वे कामगाराच्या घरी आम्ही ट्रंकेतले फोटो बघत बसलो होतो. स्टुडिओत काढलेला लग्नाचा फोटो, मागे रंगवलेला पडदा, नवरीच्या कडेला उभे सात-आठ जण. "हे कोण?" असे विचारले तर घरातल्या कोणालाही दोन माणसांच्या पलीकडे नावे सांगता आली नाहीत. सांगणारी म्हातारी माणसे गेली होती. फोटो होता आणि माणसे हरवली होती.

म्हणून साधे नियम सांगतो. जुन्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे, बॉलपेनने लिहू नये, त्याची शाई पुढे उमटते. फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये, कोऱ्या कागदात ठेवावा. दिवसाच्या उजेडात, दाराशी, फ्लॅश न लावता मोबाईलने त्याची प्रत काढावी. आणि ती प्रत एकाच मोबाईलमध्ये ठेवू नये. मोबाईल पडतो, चोरीला जातो, बिघडतो. दुसरी प्रत बहिणीकडे, तिसरी भावाकडे असावी.

कलाकाराची चूल

इथपर्यंत गोड गोड झाले. आता थोडे कडू बोलू.

विलास घोगरे हे नाव किती जणांना आठवते? मुंबईच्या झोपडपट्टीत राहणारा शाहीर. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. ते दुःख या शाहिराला सहन झाले नाही. चार दिवसांनी, १५ जुलैला, त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. पटवर्धन यांनी त्यानंतर चौदा वर्षे कॅमेरा घेऊन वस्त्यावस्त्यांतले शाहीर, गायक, कार्यकर्ते टिपले आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पुरा केला. तीन तासांच्या आसपासचा आहे. एका बैठकीत नको, दोन रात्रींत बघावा. मोठ्यांनी आधी बघावा, मग मुलांबरोबर.

शाहीर मनाने हळवा असतो म्हणूनच तो शाहीर असतो. आपण त्याचे गाणे डोक्यावर घेतो, पण त्याच्या घरी चूल पेटली की नाही हे विचारत नाही. जयंतीला डीजेवाल्याला आगाऊ रक्कम देतो आणि गायन पार्टीला म्हणतो, "समाजाचं काम आहे, भागवून घ्या." समाजाचे काम आहे हे खरे. मग ते काम करणाऱ्याचे पोट समाजाने भरायला नको का?

मोबाईलवरही तेच चालते. एखाद्या पोराने कष्टाने गाणे रचले, मित्राच्या खोलीत गाद्या टांगून ध्वनिमुद्रित केले, आणि दुसऱ्याने त्याचे नाव काढून आपल्या नावाने पुढे पाठवले. नाव काढणे ही चोरी आहे. गाणे पुढे पाठवायचे तर कवीचे, गायकाचे, वादकाचे नाव घेऊन पाठवावे. शक्य असेल तर कलाकाराने जिथे स्वतः ठेवले आहे तिथूनच ऐकावे, म्हणजे दोन पैसे त्याला मिळतात. १ जानेवारीला पेरणे फाट्यावर, ६ डिसेंबरला दादरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला जे पुस्तकांचे, गाण्यांचे, चित्रांचे स्टॉल लागतात, तिथे घासाघीस करू नये. वीस रुपयांची पुस्तिका विकणारा माणूस बंगला बांधत नसतो.

एक संध्याकाळ

आता जयंती मंडळांसाठी दोन शब्द. १४ एप्रिलला वाजत गाजत मिरवणूक निघावी, त्यात आनंद आहे आणि तो आपल्या हक्काचा आहे. पण छातीत धडधड होईल इतक्या आवाजात गाण्याचे शब्दच ऐकू येत नसतील, तर वामनदादांनी ते शब्द लिहिले कशाला? कायद्याप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात, सरकार ठरवून देते तेवढ्याच दिवशी बारापर्यंत सूट असते. कायदा बाजूला ठेवला तरी घरात आजारी म्हातारा असतो, पाळण्यात बाळ असते, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असते.

डीजेच्या खर्चातला काही भाग काढून एक संध्याकाळ वेगळी करून बघा. विहाराच्या भिंतीवर स्वच्छ पांढरी चादर ताणावी. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. तो नसेल तर कोणाच्या तरी घरचा मोठा टीव्ही विहारात आणावा. आधी वस्तीतल्या दोन आज्यांनी ओव्या म्हणाव्यात. मग एखादा छोटा सिनेमा दाखवावा. तो कलाकाराने सगळ्यांसाठी खुला ठेवला असेल तर प्रश्न नाही, नाहीतर आधी त्याची परवानगी घ्यावी. बहुतेक जण आनंदाने देतात, आपल्या माणसांनी बघितले याचेच त्यांना मोल असते. एका भिंतीवर दोरी बांधून प्रत्येक घरातला एक जुना फोटो चिमट्याने लावावा, खाली नाव आणि साल. शेवटी गायन पार्टी, ढोलकी-हार्मोनियमवर, शब्द ऐकू येतील अशी. आणि पार्टीला पाकिटात मानधन, सगळ्यांसमोर.

या कार्यक्रमाची जबाबदारी मुलींकडे द्यावी. मिरवणुकीत त्यांना कडेने चालावे लागते. पडद्याची, फोटोंच्या भिंतीची मांडणी त्या आपल्यापेक्षा नेटकी करतील, आणि आई-आजी त्या दिवशी प्रेक्षकांत पुढे बसतील.

आई-वडिलांसाठी

एखाद्या घरात पोरगा म्हणतो, मला कॅमेरा पाहिजे. पोरगी म्हणते, मला रॅप करायचे आहे. आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. त्यांची भीती आम्ही समजू शकतो. रोजंदारीवर चाललेल्या घराला धाडस परवडत नाही. तेव्हा दोन्ही बाजू बघाव्यात.

एक म्हणजे शिक्षण सोडू नये. नागराज मंजुळे यांचा पहिला सिनेमा शिक्षणातूनच उभा राहिला. सुधारक ओलवे यांनी आधी नोकरीत हात बसवला. कलेत मिळकत अनियमित असते, हे मुलांना स्पष्ट सांगावे. पदवी, आयटीआय, नोकरी काहीही असो, एक पाय जमिनीवर असावा.

दुसरे म्हणजे या वेडाला हसू नये. चेन्नईला २०१८ च्या सुरुवातीला 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या नावाने चाळी-वस्त्यांतली मुले एका मंचावर आली आणि गाना, रॅप यांतून जातीविरुद्ध गाऊ लागली. दिग्दर्शक पा. रंजित त्यांच्यामागे उभे राहिले. पंजाबात जालंधरची गिन्नी माही कोवळ्या वयापासून बाबासाहेबांवर गाते आहे, आणि तिचे आई-वडील पहिल्यापासून तिच्या पाठीशी आहेत. त्यांची भाषा आपल्याला कळत नाही, तरी एकदा ऐकावे. 'जय भीम' हे दोन शब्द कोणत्याही भाषेत ओळखू येतात.

कॅमेरा लगेच विकत घेऊ नये. हातात आहे त्या मोबाईलवर मुलाने महिनाभर रोज एक फोटो काढावा, आणि तोही आपल्याच गल्लीतला. महिना संपला की तीस फोटोंतून पाच निवडावेत. ज्याला तीसमधून पंचवीस टाकून देता आले, त्याची नजर तयार होते आहे असे समजावे. सिनेमाची हौस असेल तर तीन मिनिटांची गोष्ट करावी. आईचा पहाटे चार ते सात हा वेळ हा विषय कोणत्याही घरात फुकट मिळतो, आणि तो कोणी नीट केलेला नाही. फोटो काढण्याआधी माणसाला विचारावे, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. गरीब माणसाचीही परवानगी लागते, हे आपणच विसरलो तर दुसऱ्यांना काय सांगणार?

पुण्याला जाण्यायेण्याचे निमित्त झाले तर लॉ कॉलेज रस्त्यावरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मुलांना बाहेरून तरी दाखवावे. १९६४ साली ते सुरू झाले. जुने सिनेमे जपणे हे सरकारने खाते उघडून करण्याइतके महत्त्वाचे काम आहे, एवढे त्यांना कळले तरी पुरे. आपल्या ट्रंकेतल्या फोटोंकडे मग ती वेगळ्या नजरेने बघतील.

या आठवड्यात प्रत्येक घराने तीनच कामे करावीत. एक छोटा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघावा आणि त्यावर बोलावे. आजीची किंवा शेजारच्या म्हातारीची एक ओवी टिपून ठेवावी. एका जुन्या फोटोच्या मागे सगळ्यांची नावे लिहावीत. तिन्ही कामांना मिळून एका रविवारची दुपार लागते आणि पैसा लागत नाही. कामाला लागा. जय भीम.